माळकऱ्याच्या घरचे मांजर

माणसांच्या आहाराविषयी आणि आरोग्याविषयी या सदरातून आम्ही नेहमीच लिहीत आलो आहोत. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. परंतु तोही घरातल्याच एका जिवाचा आहे. मांजराच्या खाण्यापिण्यावर मासिकाची पाने कशाला खर्ची घालावयाची, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना आमची विनंती एवढीच, की लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग काय ते ठरवावे.

गेल्या पावसाळ्यात पांडेसऱ्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले. सुरतेचा हा भाग आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. रंगाई-छपाईच्या गिरण्या, यंत्रमागांची अखंड खडखड, आणि उधन्याहून नंदुरबार-अमळनेरवरून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाने पोट भरण्यासाठी आलेली खानदेशातील असंख्य कुटुंबे यांनी तो गजबजलेला आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनीचे कुटुंब त्यांपैकीच एक. तिने लिहिले होते, "आमच्या सासूबाई माळकरी आहेत. घरात मांसमच्छी शिजत नाही. गावाहून येताना त्यांनी एक पिल्लू आणले होते, त्याची आता चार वर्षांची मनी झाली आहे. महिनाभर तिला धाप लागते. तिन्हीसांजेला ती दाराच्या चौकटीवर आदळते. जंतांचे औषध झाले, गुण नाही. तिच्या काळजीने सासूबाईंचेही जेवण तुटले आहे. आपण कोणाला विचारून काही सांगू शकाल काय?"

मांजराच्या दुखण्याने एक वृद्ध स्त्री अन्न टाकू लागली आहे, हे वाचल्यावर आम्हांला स्वस्थ बसवेना. आमच्या स्नेह्यांपैकी एक पशुवैद्य आहेत. त्यांना बरोबर घेऊन एका रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो.

तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचे घर. मांजर खाली रस्त्यावर पडू नये म्हणून खिडकीला बारीक जाळी ठोकलेली. कोपऱ्यात घडी घातलेल्या घोंगडीवर मनी बसली होती. पुढचे पाय फाकलेले, मान पुढे ताणलेली, आणि बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत असलेल्या. डॉक्टरांनी घड्याळ समोर ठेवून तिचे श्वास मोजले. मिनिटाला ५६ भरले. डोळ्यांवर विजेरीचा झोत टाकला, तरी बाहुल्या मोठ्याच राहिल्या. मग त्यांनी आजींना विचारले, "हिला खायला काय घालता?"

आजींचा चेहरा उजळला. "सकाळी दूध-पोळी, दुपारी वरणभात, रात्री पुन्हा दूध. एकादशीचा नेम तिलाही चुकत नाही. चार वर्षांत तिने तोंडाला मांस लावलेले नाही, भाऊ!"

त्या माउलीने हे मोठ्या अभिमानाने सांगितले. डॉक्टरांना मात्र त्याच वाक्यात रोगाचा माग लागला. दुसऱ्या दिवशी क्ष-किरण तपासणी झाली, ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र घेण्यात आले, आणि त्यांची शंका खरी ठरली. मनीचे हृदय फुगले होते. त्याच्या भिंती पातळ होऊन सैल पडल्या होत्या. रक्त पुढे ढकलण्याचे बळ त्यांत उरले नव्हते आणि फुप्फुसांभोवती पाणी साचले होते. डोळ्यांतील पडदाही झिजला होता.

हृदय आणि डोळे ही दोन्ही एकाच वेळी का बिघडावीत? याचे उत्तर टॉरीन नावाच्या एका द्रव्यात आहे. १८२७ साली टीडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून ते प्रथम वेगळे केले. लॅटिन भाषेत बैलाला 'टॉरस' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. प्राण्यांच्या मांसात, विशेषतः हृदयासारख्या सतत राबणाऱ्या स्नायूंत, डोळ्यांच्या पडद्यात आणि मेंदूत ते मोठ्या प्रमाणावर असते. धान्यात, डाळींत आणि भाज्यांत ते जवळजवळ नसतेच. गाईम्हशींच्या दुधात नाममात्र असते. मनुष्य आपल्या शरीरात ते तयार करू शकतो, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्यांचा शाकाहारीही यावाचून अडत नाही. मांजराला मात्र ही सोय निसर्गाने दिलेली नाही. ते तयार करणारी विकरांची यंत्रणा त्याच्या शरीरात अत्यंत दुबळी आहे. शिवाय पित्तरस बनविण्यासाठी मांजराला रोज टॉरीन खर्चावे लागते. इतर कित्येक प्राणी टॉरीन कमी पडले की त्या कामी दुसरे द्रव्य वापरतात. मांजराला तेही जमत नाही. जमा नाही आणि खर्च चालूच, अशा घराचे जे व्हावयाचे तेच त्याच्या शरीराचे होते.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही फार उशिरा कळली. १९७५ साली अमेरिकेत के. सी. हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की टॉरीनच्या अभावी मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजून त्याला अंधत्व येते. त्या प्रयोगातील मांजरांना प्रथिने मिळत होती ती केसीनच्या, म्हणजे दुधातल्याच प्रथिनाच्या रूपाने, ही बाब आम्हां दूधभात घालणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. पुढे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक विद्यालयात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की हृदय फुगून मरणाऱ्या अनेक मांजरांच्या रक्तात टॉरीन फारच कमी असते, आणि ते पुरविले तर हृदय पुन्हा सावरते. तोवर हा रोग असाध्य समजला जात असे. नवल म्हणजे ही मांजरे दूध-पोळीवर नव्हे, तर कारखान्यात तयार झालेल्या, त्या वेळच्या प्रमाणाप्रमाणे पुरेशा मानल्या गेलेल्या अन्नावर वाढली होती. ते प्रमाणच अपुरे होते. नंतर उत्पादकांनी टॉरीन वाढविले आणि त्या देशात हा रोग दुर्मीळ झाला. रोगाचे मूळ पानातच सापडावे आणि पान बदलताच तो हटावा, अशी उदाहरणे वैद्यकात फार नाहीत.

डॉक्टरांनी हे सारे समजावून सांगितल्यावर आजी काही वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी जो प्रश्न केला तो आमच्याही मनात होता. "अहो, पण आमच्या गावाकडे सात पिढ्या मांजरे दूध-भाकरीवरच वाढली. ती कुठे अशी धापा टाकीत मेली?"

या प्रश्नाचे उत्तर हेच आमच्या लेखाचे सार आहे. गावाकडच्या घरात धान्याची कणगी असे, गोठा असे, माळ्यावर कडब्याच्या पेंढ्या असत. मांजर सकाळी चुलीपुढे वाटीभर दूध पिई, हे घरच्या माणसांनी पाहिलेले असे. तेच मांजर रात्री माळ्यावर काय करीत होते, ते कोणी पाहिलेले नसे. एक उंदीर म्हणजे मांजराचे परिपूर्ण ताट. त्याच्या स्नायूंत, हृदयात, मेंदूत टॉरीन असते. यकृतात जीवनसत्त्वे असतात. हाडांत चुना असतो. आपण समजत होतो, की मांजर आपल्या दूध-भाकरीवर जगते आणि गंमत म्हणून उंदीर मारते. खरा प्रकार उलटा होता. ते उंदरांवर जगत होते आणि आपल्या समाधानासाठी दूध पीत होते. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. येथे डोळे आपलेच मिटलेले होते.

मग कुटुंब पांडेसऱ्यास आले. कणगी गेली, गोठा गेला, माळा गेला. तिसऱ्या मजल्यावर उंदीर नाही आणि खिडकीला जाळी आहे. जुन्या ताटातला जो भाग आपल्याला दिसत होता तेवढाच शहरात आला. जो दिसत नव्हता तो गावीच राहिला. आजींच्या मायेत काडीची कसूर नव्हती. परंतु त्या मायेनेच मनीला जाळीआड ठेवले होते, आणि त्या जाळीआड तिचे हृदय चार वर्षे उपाशी होते.

आता प्रश्न उभा राहिला धर्माचा. आजींनी विचारले, की गोळीने भागत असेल तर दूध-पोळी तशीच चालू ठेवता येईल काय? प्रश्न रास्त होता. औषध म्हणून मिळणारे टॉरीन सामान्यतः कारखान्यात रासायनिक रीतीने बनते, त्यासाठी प्राणी मारावा लागत नाही. परंतु डॉक्टरांना त्यावर होकार देता येईना. मांजराला उणे पडते ते एकटे टॉरीन नव्हे. गाजरातल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून आपण 'अ' जीवनसत्त्व तयार करतो. मांजराला ते आयते लागते. प्राणिज चरबीतील काही अंश ते स्वतः बनवू शकत नाही. प्रथिनांची त्याची गरज आपल्याहून पुष्कळ अधिक आहे. आर्जिनीन नावाचा प्रथिनांतील घटक एखाद्या जेवणात मुळीच नसला, तर काही तासांत त्याच्या रक्तात विषारी अमोनिया साठू लागतो. चाळणीचे एक छिद्र बुजवून पाणी थांबत नाही. परदेशात केवळ वनस्पतिजन्य पदार्थांत सर्व उणिवा कृत्रिम रीतीने भरून काढलेले मांजरांचे अन्नही निघाले आहे. पण ते जाणत्या पशुवैद्याच्या देखरेखीवाचून देऊ नये, आणि ज्याचे हृदय आधीच खचले आहे अशा मांजरावर तर असा प्रयोग नकोच, असे डॉक्टरांचे स्पष्ट मत पडले.

आम्ही आजींना उपदेश केला नाही. पन्नास वर्षे गळ्यात माळ वागविलेल्या स्त्रीला धर्म शिकविण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही एवढेच म्हणालो, की निर्णय तुमचा, मात्र तो लवकर घ्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंचा निरोप आला. आजी रात्रभर जाग्या होत्या आणि पहाटे उठून म्हणाल्या, "माळ मी घातली आहे, मनीने नव्हे. माझ्या नेमाचा उपास तिला का?"

पुढची व्यवस्था त्यांनीच लावली. मनीचे ताट स्वयंपाकघरातून हलवून गॅलरीत नेले. मांजरासाठी तयार मिळणाऱ्या संपूर्ण आहाराचा डबा तेथेच ठेवला; तो उघडण्याचे काम नातवाकडे आले. शेजारी ओडिशातील एका यंत्रमाग कामगाराचे कुटुंब राहते. मासळी शिजते म्हणून त्या घराशी आजींचा इतकी वर्षे उंबऱ्यापुरताच संबंध होता. आता त्या घरची गृहिणी आठवड्यातून एकदोनदा आपल्या मासळीतला तुकडा मीठमसाल्यावाचून उकडून मनीसाठी देते, आणि आजींकडून खानदेशी बिबड्या त्या घरी जातात.

उपचाराचा वृत्तान्त थोडक्यात सांगतो. फुप्फुसांभोवतीचे पाणी काढले, लघवी वाढविणारे औषध सुरू केले, टॉरीनची मात्रा डॉक्टरांनी ठरवून दिली. दोन आठवड्यांत धाप कमी झाली. चार महिन्यांनी पुन्हा चित्र घेतले तेव्हा हृदयाच्या भिंती बऱ्याच सावरल्या होत्या. डोळे मात्र परत आले नाहीत. पडद्याची झीज भरून येत नाही. मनी आता मिशांच्या आणि कानांच्या आधाराने घरात वावरते. वेळेवर कळले असते तर ही हानी टळली असती, आणि हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

येथे एक गैरसमज होऊ नये. मांजराचा प्रत्येक हृदयविकार आहारातून येत नाही. आज सर्वांत अधिक आढळणारा विकार निराळा आहे. त्यात हृदयाच्या भिंती पातळ न होता जाड होतात, आणि तो पुष्कळदा आनुवंशिक असतो. त्यावर टॉरीनचा इलाज नाही. म्हणून घरच्या घरी निदान करून गोळ्या सुरू करू नयेत. तपासणी हवीच.

मांजराच्या पलीकडेही थोडे पाहू. न्यू जर्सीस असलेल्या आपल्या नातवाने फेरेट पाळला आहे, त्याला काय घालावे, असे एका वाचकांनी विचारले होते. फेरेट हा लांबोडक्या अंगाचा, पाणमांजराच्या कुळातला प्राणी. युरोपात सशांच्या शिकारीसाठी तो पूर्वापार पाळला जाई. मांसाहाराच्या बाबतीत तो मांजराचाच भाऊ. त्याचे आतडे इतके आखूड, की खाल्लेले अन्न तीनचार तासांत बाहेर पडते. फळे, दूध, धान्य यांवर त्याचे भागत नाही. हृदय फुगण्याचा विकार त्यालाही होतो. शिवाय डासांवाटे शिरणारा हृदयातील कृमी त्याच्या चिमुकल्या हृदयात एकदोनच असले तरी प्राणघातक ठरतो, म्हणून त्याचे प्रतिबंधक औषध तेथील पशुवैद्याकडून अवश्य घ्यावे. फेरेटचे चित्र पाहून येथील कोणी मुंगूस धरून आणण्याच्या भरीस मात्र पडू नये. मुंगूस त्या कुळातला नाही, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडण्यास व पाळण्यास बंदी आहे.

कुत्र्याची प्रकृती पुष्कळ सोशिक. बहुतेक कुत्री टॉरीन स्वतः तयार करतात आणि धान्यही पचवितात. तरीही २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धान्यविरहित, वाटाणा-मसुरासारखी कडधान्ये भरपूर असलेल्या काही खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे काय, याची चौकशी सुरू केली. त्यांतील कार्यकारणभाव अद्याप पक्का ठरलेला नाही. परंतु नव्या फॅशनचे खाद्य दिसले की ते घरी आणू नये, एवढा धडा त्यातून घेण्यास हरकत नाही.

आता मांजर पाळणाऱ्या भगिनींसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

तयार खाद्य घेताना ते मांजराचेच आहे ना, हे पाहावे. कुत्र्याच्या खाद्यात मांजराला पुरेल इतके टॉरीन असेलच असे नाही. पाकिटावर संपूर्ण व संतुलित आहार या अर्थाचे शब्द असावेत आणि घटकांत टॉरीनचा उल्लेख असावा. अमेरिकेतील प्रमाणानुसार कोरड्या खाद्यात ते किमान ०.१ टक्का आणि डबाबंद ओल्या खाद्यात, पाण्याचा अंश वगळून, ०.२ टक्के असावे लागते. डब्यातील अन्नावर जी उष्णतेची प्रक्रिया होते, तिच्यामुळे आतड्यातील जंतू अधिक टॉरीन फस्त करतात. म्हणून हे दुप्पट प्रमाण.

घरी मासळी वा कोंबडी उकडून देत असाल, तर उकळलेले पाणी फेकू नये. टॉरीन पाण्यात उतरते, तेव्हा ते पाणीही ताटात घालावे. काटे आणि शिजलेली हाडे काढून टाकावीत. कच्च्या मासळीची सवय लावू नये. कित्येक माशांत 'ब-१' जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते आणि ते शिजविल्याने निष्प्रभ होते. खारवलेली सुकी मासळी दुबळ्या हृदयाला वर्ज्य समजावी. रोज नुसते काळीजच घातले तर 'अ' जीवनसत्त्व अति होऊन मांजराची मान आखडते. घरच्या कालवणातील कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी नष्ट करतो. तापावर म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही देऊ नये. ती मांजराला विषासारखी आहे.

आहारातला बदल आठदहा दिवसांत हळूहळू करावा. "भूक लागली म्हणजे खाईल" म्हणून मांजराला उपाशी ठेवू नये. दोनतीन दिवसांचे लंघनही, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृताला महागात पडते. एकादशी आपली आपण करावी.

आणि सर्वांत सोपी, बिनखर्चाची तपासणी म्हणजे श्वास मोजणे. मांजर गाढ झोपलेले असताना छाती एकदा वर येऊन खाली गेली म्हणजे एक श्वास धरावा. मिनिटाला तीसच्या आत आकडा असला तर ठीक. तो वारंवार तीसवर जाऊ लागला, मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले, अन्नावरची वासना उडून कोपऱ्यात लपून बसू लागले, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. हृदयविकार असलेले मांजर माणसासारखे खोकत नाही, म्हणून खोकल्याची वाट पाहू नये. मागचे पाय एकाएकी लुळे पडून गार झाले, तर हृदयातून सुटलेली रक्ताची गाठ तेथे अडकली असे समजावे. तेव्हा तर एक क्षणही दवडू नये.

ज्यांना मांजराला मांसमच्छी घालणे आपल्या व्रताशी विसंगत वाटते, त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. त्यांनी ससा पाळावा, शेळी पाळावी, गोठा असेल तर गाय पाळावी. या प्राण्यांचे आणि आपले व्रत एकच आहे. परंतु मांजर घरात आणावयाचे, त्याची शिकारीची वाट बंद करावयाची, आणि मग त्याला आपल्या ताटातले जेवू घालावयाचे, हे मात्र भूतदयेत बसत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा पांडेसऱ्यास गेलो होतो. दुपारची वेळ होती. मनी घोंगडीवर झोपली होती. नातू घड्याळाचा काटा पाहत होता, आणि आजींना आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून त्या जपमाळेचे मणी ओढीत तिचे श्वास मोजीत होत्या. मिनिट संपले तसे नातवाने "झाले" म्हटले. आजींनी ओढलेले मणी मोजले आणि आमच्याकडे पाहून सांगितले, "सव्वीस."